ब्रेकचा आवाज काय सांगतो?

विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकच्या डिस्क ब्रेकची निगा आणि दोषशोधन

चेन्नई शहराचे नाव मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वदूर पोहोचले आहे. परंतु वाहने थांबवण्याच्या विद्येतही या शहराचा वाटा मोठा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. शहराच्या पाडी या औद्योगिक उपनगरात १९६२ साली ब्रेक्स इंडिया आणि सुंदरम-क्लेटन या ब्रेक बनवणाऱ्या दोन कंपन्यांचा प्रारंभ झाला. पाठोपाठ १९६४ मध्ये राणे ब्रेक लायनिंग ही कंपनी उभी राहिली. जवळच्याच अंबत्तूर येथे, १९४९ साली स्थापन झालेल्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स कंपनीच्या कारखान्यातून हर्क्युलस आणि बीएसए या सायकली बाहेर पडल्या आणि देशभरातील घरांच्या पडव्यांत विसावल्या.

त्या सायकलींचे ब्रेक साधे होते. हँडलखालची मूठ दाबली की लोखंडी दांड्या ओढल्या जात आणि रबराचे ठोकळे चाकाच्या धावेवर घासत. बिघाड डोळ्यांना दिसे आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला तो पाच मिनिटांत दुरुस्त करी. आज त्याच शहरात पहाटेच्या वेळी ईस्ट कोस्ट रोडवर महाबलीपुरमच्या दिशेने जाणाऱ्या सायकलींमध्ये विजेच्या मोटरची जोड असलेल्या, जाड टायरच्या माउंटन बाइकही दिसतात. त्यांना डिस्क ब्रेक असतात. या ब्रेकविषयी सायकलधारकांच्या तक्रारी मुख्यत्वे दोनच : ‘ब्रेक ओरडतो’ आणि ‘ब्रेक नीट लागत नाही’. या तक्रारींवर घरोघरी सुचणारा पहिला उपाय म्हणजे तेलाचे दोन थेंब. दाराची बिजागरी, शिलाई यंत्र, पंख्याचा कणा या सर्वांना लागू पडणारा हा उपाय डिस्क ब्रेकच्या बाबतीत मात्र घातक ठरतो. तो का, आणि त्याऐवजी काय करावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जबाबदारी कोणाची?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पायडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची असेल, ताशी २५ किलोमीटरचा वेग गाठताच किंवा पायडल मारणे थांबताच तिचे साहाय्य बंद होत असेल, तसेच सायकलीस योग्य ब्रेक व प्रकाश परावर्तित करणारी साधने असतील, तर ती मोटार वाहन गणली जात नाही. परिणामी तिला नोंदणी लागत नाही, चालकास परवाना लागत नाही आणि विम्याची सक्तीही नाही. ही सवलत सोयीची खरी. परंतु तिची दुसरी बाजू अशी की, या सायकलीचे ब्रेक तपासण्यासाठी कोणतीही यंत्रणा मालकाच्या दारी येणार नाही. ते काम त्याने स्वतःच करावयाचे आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी ही सायकल शाळा-महाविद्यालयात नेत असेल, तर हे काम अधिकच महत्त्वाचे ठरते.

आकडे काय सांगतात?

साधी माउंटन बाइक सुमारे १४ किलो वजनाची असते. बॅटरी व मोटर यांमुळे विजेची माउंटन बाइक २२ ते २५ किलोंपर्यंत जाते. चालक ७५ किलोंचा धरल्यास एकूण वजन १०० किलो होते. वेग दुप्पट झाला की ब्रेकने शोषावयाची ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारे हे वजन थांबवण्यासाठी सुमारे ८७० ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. ताशी २५ किलोमीटर वेगाला हाच आकडा सुमारे २,४०० ज्यूल होतो. मोटरच्या साहाय्यामुळे हा वेग सहज आणि सतत राखला जातो. साहजिकच ब्रेकवरील भारही वाढतो.

आता थांबण्याचे अंतर पाहू. चांगल्या स्थितीतील ब्रेक ताशी २५ किलोमीटर वेगातील सायकल कोरड्या रस्त्यावर सुमारे ५ मीटरमध्ये थांबवू शकतात. ब्रेकची ताकद निम्मी झाली की हे अंतर दुप्पट, म्हणजे सुमारे १० मीटर होते. धोका दिसल्यापासून मूठ दाबेपर्यंत जाणाऱ्या एका सेकंदात सायकल ७ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. ५ मीटरचा हा फरक एका मोटारीच्या लांबीहून अधिक आहे. समोर अचानक रिक्षा थांबली, तर सायकल तिच्या मागे थांबेल की तिच्यावर आदळेल, हे या फरकावर ठरते.

ब्रेक लागतो कसा?

चाकाच्या मध्यभागी, हबला, पोलादाची एक पातळ चकती बसवलेली असते. तिला रोटर म्हणतात. या चकतीच्या दोन्ही बाजूंना कॅलिपर नावाच्या चिमट्यात दोन ब्रेक पॅड असतात. मूठ दाबली की पॅड चकतीला आवळून धरतात आणि घर्षणाने गतीचे रूपांतर उष्णतेत होते. पॅड दाबण्याचे काम काही सायकलींत तारेची केबल करते, तर काहींत नळीतील द्रव करतो. पहिल्या प्रकारास मेकॅनिकल आणि दुसऱ्यास हायड्रॉलिक ब्रेक म्हणतात.

नवा ब्रेक बसवल्याबरोबर पूर्ण ताकदीने लागत नाही. काही काळ वापर झाल्यानंतर पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ, एकसारखा थर चकतीवर बसतो आणि या थरावरच ब्रेकची पकड व शांतता अवलंबून असते. सबब, नवीन पॅड किंवा चकती बसवल्यावर मोकळ्या, सपाट जागी मध्यम वेग घेऊन, चाक न घसरू देता, चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावावेत आणि ही क्रिया सुमारे वीस वेळा करावी. त्यानंतर थोड्या अधिक वेगाने आणखी दहा वेळा. ही अर्ध्या तासाची मेहनत टाळली की पुढे महिनोन्महिने तक्रारी ऐकाव्या लागतात.

तेलाचा मोह

तेलाचा अंश पॅडवर आला की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पकड कमी होते आणि पॅड चकतीला एकसारखा न धरता ‘पकड-सोड, पकड-सोड’ असे सेकंदाला शेकडो वेळा करू लागतो. पातळ चकती मग झांजेसारखी थरथरते आणि कर्कश आवाज निघतो. याचा अर्थ, आवाज आणि अशक्तपणा या पुष्कळदा एकाच दोषाच्या दोन बाजू असतात. आवाज बंद करण्यासाठी त्यावर आणखी तेल सोडणे म्हणजे शब्दशः आगीत तेल ओतणे होय. काही वेळा आवाज खरोखर थांबतोही. पण तो पॅडची पकडच नाहीशी झाल्यामुळे. मालकास वाटते, दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात ब्रेक गेलेला असतो.

तेल पॅडवर येण्याच्या वाटा अनेक आहेत. साखळीवर मारलेला तेलाचा फवारा, गंज काढणाऱ्या द्रवाचे उडालेले थेंब, चकतीला लागलेली तेलकट बोटे, सायकल चमकवण्याचे मेणयुक्त पॉलिश ही नेहमीची कारणे. चेन्नईत त्यात आणखी दोहोंची भर पडते. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेमुळे साखळी व खिळे लवकर गंजतात आणि मालकाचा हात वारंवार तेलाच्या डबीकडे जातो. दुसरे असे की, या शहरातील बहुतांश पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि पहिल्या सरींत रस्त्यावर साचलेले तेल पाण्याबरोबर वर येऊन चाकांवर उडते. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील वाचकांनाही हा अनुभव परका नाही. फक्त महिने वेगळे.

तेलाचा संशय आल्यास चाक काढून चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ सुती फडक्याने पुसावी. फडक्याची बाजू वारंवार बदलावी. पॅडवर केवळ चकाकी आली असेल, तर सपाट पृष्ठभागावर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड हलक्या हाताने घासावेत. मात्र पॅडमध्ये तेल मुरले असेल, तर घासून किंवा गॅसच्या शेगडीवर तापवून ते वाचवण्याचा खटाटोप करू नये. पॅडची जोडी बदलावी. संपूर्ण ब्रेकच्या तुलनेत तिचा खर्च थोडा असतो आणि जिवाच्या तुलनेत तर नगण्यच. पॅडची भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

आवाजांची ओळख

आवाज कसा आहे आणि केव्हा येतो, यावरून दोषाचे स्थान पुष्कळसे कळते.

पावसात किंवा सायकल धुतल्यानंतर ब्रेक ओरडला आणि चार-दोनदा लावल्यावर शांत झाला, तर तो दोष नव्हे. चकतीवरील पाणी निघून गेले, इतकेच. कोरड्या हवेत दर वेळी कर्कश किंकाळी येत असेल, तर तेलाचा अंश, चकाकी आलेले पॅड किंवा ढिले बोल्ट यांचा संशय घ्यावा.

ब्रेक न लावताही चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच घासल्याचा आवाज येत असेल, तर चकती किंचित वाकलेली असते. घासण्याचा आवाज अखंड येत असेल, तर कॅलिपर मध्यभागी नाही किंवा पॅड पूर्णपणे मागे सरकत नाहीत असे समजावे. अशा वेळी कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे सैल करावेत, मूठ घट्ट दाबून धरावी आणि त्याच स्थितीत बोल्ट पुन्हा आवळावेत. बहुतेक हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कॅलिपर आपोआप मध्यावर येतो.

ब्रेक लावताच एकदा ‘खट्’ असा आवाज आला, तर चकतीचे बोल्ट, कॅलिपर किंवा हँडलचा सांधा ढिला आहे का, ते पाहावे. धातूवर धातू खरवडल्यासारखा आवाज आला, तर सायकल तेथेच थांबवावी. पॅडचे घर्षणद्रव्य संपून त्यामागील पत्रा चकतीला लागलेला असतो. शिमानो कंपनीच्या पॅडसाठी हे द्रव्य ०.५ मिलिमीटर उरले की पॅड बदलावेत असा दंडक आहे. सुज्ञ मालकाने १ मिलिमीटर उरतानाच नवी जोडी आणून ठेवावी. चकतीचीही झीज होते. साधारण १.८ मिलिमीटर जाडीची नवी चकती १.५ मिलिमीटरवर आली की बदलावयाची असते. ही किमान जाडी बहुधा चकतीवरच कोरलेली असते.

पॅडचे द्रव्यही दोन प्रकारचे असते. राळयुक्त पॅड शांत असतात, पण लवकर झिजतात. धातुयुक्त पॅड पावसात व उष्णतेत अधिक टिकतात, परंतु आवाज जास्त करतात. काही चकत्या केवळ राळयुक्त पॅडसाठीच बनवलेल्या असतात. खरेदीपूर्वी चकतीवरील सूचना वाचावी.

ब्रेक अशक्त का होतो?

तेल व झीज ही कारणे वगळल्यास पुढील तपास ब्रेकच्या प्रकारावर अवलंबून राहतो.

मेकॅनिकल ब्रेकमध्ये पॅड झिजले की मुठीचा प्रवास वाढतो. पुष्कळजण मुठीजवळचा स्क्रू फिरवून केबल ताणत राहतात. हा अर्धा उपाय आहे. पॅड चकतीजवळ आणण्यासाठी कॅलिपरवरील स्वतंत्र स्क्रू फिरवावयाचा असतो. स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो आणि दुसरा स्थिर असतो, म्हणून स्थिर पॅडही चकतीच्या अगदी जवळ आणावा लागतो. दमट हवेत केबल आवरणाच्या आतून गंजते. मग मूठ जड लागते आणि सोडल्यावर सावकाश परतते. अशी केबल आवरणासह बदलणे हाच मार्ग.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मूठ स्पंजासारखी दबत असेल, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच घट्ट होत असेल, तर द्रवात हवा शिरलेली असण्याचा संभव असतो. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे हाताचे बळ पॅडपर्यंत पोहोचतच नाही. ही हवा काढण्याच्या कामास ब्लीडिंग म्हणतात आणि ते जाणकार कारागिराकडूनच करवून घ्यावे. त्या वेळी एक प्रश्न मात्र मालकाने अवश्य विचारावा : द्रव कोणता? शिमानो व टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, तर काही अन्य ब्रेकमध्ये मोटारीप्रमाणे डीओटी द्रव असतो. एकाच्या जागी दुसरा घातल्यास आतील रबरी सील फुगतात आणि संपूर्ण ब्रेक निकामी होतो. कोणता द्रव घालावा, हे सामान्यतः मुठीजवळील टाकीच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते.

चाक काढलेले असताना हायड्रॉलिक ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नये. दोन्ही पॅड एकमेकांना भिडतात आणि मागे सरकत नाहीत. वाहतुकीच्या वेळी पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा स्वच्छ तुकडा ठेवावा.

विजेच्या सायकलीचे विशेष

काही दोष साध्या सायकलीत संभवतच नाहीत. अनेक विजेच्या सायकलींच्या मुठीत एक लहान स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटरचा पुरवठा तोडतो. हा स्विच बिघडला किंवा त्यात पाणी गेले, तर एकीकडे ब्रेक सायकल थांबवत असतो आणि दुसरीकडे मोटर तिला ढकलत असते. पॅड नवे, केबल नवी, तरीही ‘ब्रेक लागत नाही’ अशी तक्रार राहिल्यास हा स्विच तपासावा. मोटरचे चाक जमिनीपासून उचलून फिरते ठेवावे आणि मूठ हलकीशी दाबावी. मोटर तत्क्षणी थांबली पाहिजे. असा स्विच नसलेल्या सायकलींत पायडल थांबताच मोटर थांबते का, ते पाहावे. कोणत्याही दुरुस्तीपूर्वी बॅटरी बंद करून काढून ठेवावी.

दुसरा प्रसंग पंक्चरचा. मागील चाकात मोटर असेल, तर ते चाक जड असते आणि त्यास तार जोडलेली असते. पंक्चर काढताना चाक खाली-वर होते, तेलकट हात चकतीला लागतात आणि चाक पुन्हा बसवताना आस किंचित तिरपा राहतो. ‘कालपर्यंत ब्रेक उत्तम होता, आज घासतो’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा आदल्या दिवशीचे पंक्चर असते. आस नीट बसवून नट आवळले आणि चकती पुसली की ब्रेक पूर्ववत होतो.

सायकल पुराच्या पाण्यात बुडली असेल, तर केवळ ब्रेक धुऊन भागत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये, तसेच डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईचे अनेक भाग जलमय झाले होते. अशा पाण्यातून निघालेल्या सायकलीची बॅटरी व मोटर अधिकृत कारागिराने तपासेपर्यंत ती चालू करू नये.

सपाट शहर आणि घाट

चेन्नई जवळजवळ सपाट आहे. तेथे ब्रेक हलकेच लावले जातात, फारसे तापत नाहीत आणि पॅडवर चकाकीचा कडक थर बसतो. दररोज असा ब्रेक पुरेसा वाटतो. मग सुटीत हीच सायकल मोटारीच्या मागे बांधून चौदा वळणांच्या येलगिरी घाटाकडे नेली जाते आणि खरी परीक्षा तेथे होते.

पुन्हा आकडेच पाहू. १०० किलो वजन १०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे ९८,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगातून चाळीस वेळा थांबण्याइतकी. ५०० मीटरच्या उतारासाठी हा हिशेब दोनशे वेळांचा होतो. यातील काही भाग हवेच्या रोधात जातो. तथापि सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत मोठा भाग ब्रेकच्याच वाट्याला येतो. अखंड दाबून धरलेला ब्रेक इतका तापतो की पॅडची पकड ढळते. द्रवात पाण्याचा अंश असल्यास त्याची वाफ होते आणि मूठ हँडलला टेकते. म्हणून उतारावर दोन्ही ब्रेक वापरावेत, वळणापूर्वी ठामपणे लावावेत आणि नंतर सोडून त्यांना निवू द्यावे. ठिकठिकाणी थांबावे. तापलेल्या चकतीला हात लावू नये आणि तिच्यावर पाणीही ओतू नये. सिंहगड किंवा महाबळेश्वरचा घाट उतरणाऱ्या पुण्या-साताऱ्याच्या सायकलस्वारांनाही हाच नियम लागू आहे.

तपासणीचा क्रम

तेरीज जुळत नसेल, तर बँकेतील अनुभवी कर्मचारी लगेच सर्व खाती उपसत बसत नाही. तो आधी बेरीज पाहतो, मग अंकांची अदलाबदल, मग राहून गेलेली नोंद. ब्रेकच्या तपासणीतही बिनखर्चाच्या गोष्टी आधी आणि खर्चाच्या नंतर, हाच क्रम ठेवावा :

१. चाक सरळ बसले आहे का व नट घट्ट आहेत का, ते पाहावे.
२. चकतीचे व कॅलिपरचे बोल्ट तपासावेत.
३. चकती अल्कोहोलने पुसावी.
४. पॅडची जाडी व चकाकी पाहावी.
५. कॅलिपर मध्यावर आणावा. मेकॅनिकल ब्रेकमध्ये पॅडचे अंतर जुळवावे.
६. केबल तपासावी, हायड्रॉलिक ब्रेकमध्ये गळती व मुठीचा स्पर्श पाहावा.
७. मोटर तोडणारा स्विच तपासावा.
८. एवढ्यानंतरही दोष राहिल्यास पॅड बदलावेत. त्यानंतरच ब्लीडिंग, चकती किंवा नवा ब्रेक यांचा विचार करावा.

मात्र तीन लक्षणे अशी आहेत की, ती दिसताच सायकल चालवणे बंद करून ती कारागिराकडे हाताने ढकलत न्यावी : मूठ हँडलला टेकणे, नळी किंवा कॅलिपरमधून द्रव गळणे आणि चकतीला तडा जाणे.

दररोज निघण्यापूर्वी दहा सेकंद पुरेसे आहेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी, मागचा दाबून पुन्हा ढकलावी. दोन्ही वेळा संबंधित चाक जागचे हलता कामा नये आणि मूठ व हँडल यांच्यात निदान एका बोटाचे अंतर राहिले पाहिजे. ब्रेक आवाज करतो तेव्हा तो आपली अडचण सांगत असतो. ती अडचण शोधून दूर करावी. तेल घालून त्याचे तोंड बंद करू नये.